कोल्हापुरात एक अख्खा दिवस: मंडई, मिसळ, बाग, चप्पल आणि धारोष्ण दूध

कोल्हापूरला येणारे बहुतेक पाहुणे एका दिवसात अंबाबाई, जोतिबा आणि पन्हाळा करतात, परतीच्या वाटेवर हायवेला तांबडा-पांढरा रस्सा जेवतात आणि रात्री घरी पोचतात. देवदर्शन झालं, गड झाला, पण गाव राहूनच जातं. मी लग्न होऊन इथं आले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: पन्हाळा उद्या करा, आजचा दिवस गावाला द्या.

आणि तो दिवस गावाच्या घड्याळानं चालवा. इथली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेलाच चांगली मिळते. भाजी सकाळी सातला, मिसळ नऊच्या आसपास, रस्सा एक वाजता, चप्पल चारनंतर, दूध दिवेलागणीला. दुपारी तीनला मिसळ शोधत फिरलात तर तळाचा कट, म्हणजे उरलेला रस्सा मिळेल. मंडईत बाराला गेलात तर सुकलेली मेथी. खाली दिलेला क्रम याच हिशोबानं लावला आहे, तो शक्यतो मोडू नका.

निघण्याआधी

वार बुधवार घ्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मंगळवारी आणि शुक्रवारी देवळात गर्दी, रविवारी तर सगळीकडंच. शिवाय बुधवार हा इथं मटणाचा वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं अजून भरपूर आहेत, त्यामुळं बुधवार, शुक्रवार आणि रविवारी खानावळींत चुली जोरात पेटलेल्या असतात.

ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. ऊस तोडणीला आलेला असतो, नवा गूळ बाजारात असतो, पालेभाज्या भरात असतात. पावसाळ्यात रंकाळा सुंदर दिसतो हे खरं, पण चामड्याची चप्पल आणि पाऊस यांचं जमत नाही.

गाडी मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवा. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी या भागात चारचाकी घेऊन शिरणं म्हणजे दिवसातला एक तास वाया घालवणं. देवळाच्या भोवतीचं सगळं पायी होतं. लांबच्या दोन टप्प्यांना रिक्षा करा, आणि बसण्याआधी भाडं मीटरनं की ठरवून, हे विचारून घ्या. सोबत दोन कापडी पिशव्या, सुटे पैसे आणि पाण्याची बाटली. पायात सहज काढता येईल असं काहीतरी घाला, कारण दिवसभर पादत्राणं काढण्या-घालण्याचंच काम आहे.

सकाळी सहा ते साडेआठ: देऊळ आणि कपिलतीर्थ मंडई

दर्शन घ्यायचं असेल तर सहाच्या सुमाराला घ्या. रांग छोटी असते, फरशी गार असते आणि फुलवाल्यांच्या टोपल्यांतली फुलं अजून ओली असतात. बाहेर आलात की महाद्वारातून ताराबाई रोडकडं वळा. पाच मिनिटांत कपिलतीर्थ मार्केट येतं. गावाचं ग्रामदैवत कपिलेश्वर याच मंडईत आहे. भाजीच्या ढिगांमधून वाट काढत लोक त्याच्यापुढं हात जोडतात आणि लगेच पुढच्या गाळ्यावर वांग्यांचा भाव विचारतात.

मंडईत शिरल्या शिरल्या काही घेऊ नका. आधी एक पूर्ण फेरी मारा. पक्क्या गाळ्यांवरचा माल आणि खाली गोणपाटावर बसलेल्या बायकांचा माल यांत फरक असतो. गोणपाटावरचा पुष्कळदा जवळपासच्या गावातून पहाटे आलेला असतो: थोडाच, पण मातीसकट ताजा. थंडीत चाकवत, चुका, अंबाडी, ओला वरणा, हरभऱ्याचे डहाळे. काटेरी देठाची कृष्णाकाठची वांगी दिसली तर हातात घेऊन बघा, वजनाला हलकी आणि देठाशी हिरवी असली तर ती कोवळी. पालेभाजीच्या जुडीला इथं पेंडी म्हणतात. ‘पेंडी कशी दिली?’ असं विचारलंत की मावशी तुमच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

गेल्या हिवाळ्यात माझी नणंद आणि तिची दोन मुलं नाशिकहून आली होती. धाकटीनं एका मावशींपुढं बसून डहाळे तोडून खायला सुरुवातच केली. मी पैसे काढले, तर मावशी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे ओ ताई, पोरगी खातीया न्हवं. कुठलं पाव्हणं?” नाशिक म्हटल्यावर त्यांनी मेथीच्या दोन पेंड्यांवर मूठभर कोथिंबीर टाकली आणि हिरव्या मिरच्या पदरच्या दिल्या. धाकटीचा एक हात त्यांच्या गुडघ्यावर होता, तो उचलेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मंडईत भाव करायचा नाही असं नाही, पण चार रुपयांसाठी ताणू नका. दोन शब्द बोललात तर त्याहून जास्त पिशवीत पडतं.

एक गंमत मुलांच्या लगेच लक्षात आली. ‘मामी, त्या ताई “मी आलो” का म्हणाल्या?’ कोल्हापुरात मुली आणि बायका सर्रास ‘मी येतो, मी जातो’ असं बोलतात. ती चूक नाही, इथली बोली आहे. दिवसभर कान उघडे ठेवा.

गावाला जाऊन स्वयंपाक करणार असाल तरच भाजी घ्या, नाहीतर फळांवर थांबा. पिशवी दिवसभर वागवायची आहे.

नऊ वाजता: मिसळ

मिसळीसाठी गावातल्या प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्याची बावडा मिसळ, खासबागची, चोरगेंची, यांपैकी सरस कुठली यावर घराघरात मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी उद्यमनगरला नेते, कारण आजूबाजूला कारखाने, फाउंड्रीचं सामान, ऑइल इंजिनचे सुटे भाग आणि मधोमध मिसळीची रांग हे चित्र दुसरीकडं दिसत नाही. हाताला ग्रीस लागलेला कामगार आणि पुण्याहून आलेलं कुटुंब एकाच बाकावर बसतं.

बाहेरच्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथं मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो, आणि तो कटात बुडवून खायचा असतो. रश्शाला इथं ‘कट’ म्हणतात; पुण्यातलं ‘सँपल’ मागितलंत तर समजतील, पण कट मागा. ताटलीत तळाला मटकीची उसळ, बऱ्याच ठिकाणी बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. कट आधीच सगळा ओतायचा नाही. निम्मा ओता, शेव कुरकुरीत आहे तोवर खा, मग उरलेला घ्या. तिखट सोसत नसेल तर दही मागवा, त्यात कमीपणा काही नाही.

कटाच्या लाल रंगाला घाबरू नका. तो रंग मिरचीचा आहे, तसाच तेलात फुललेल्या चटणीचाही. ही चटणी म्हणजे काय ते पुढच्या टप्प्यावर कळेल.

साडेदहा: लक्ष्मीपुरी, चटणी आणि गूळ

उद्यमनगरातून लक्ष्मीपुरीला रिक्षानं या. इथली धान्याची ओळ बघण्यासारखी आहे: पोत्यांची तोंडं गुंडाळून उघडी ठेवलेली, त्यांत ज्वारी, मसूर आणि नाना जातींचे तांदूळ. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर किलोभर घ्या. बारीक दाणा, शिजताना घरभर वास.

इथंच मिरची आणि मसाल्याची दुकानं आहेत. कोल्हापुरी घरात ‘चटणी’ म्हटलं की कांदा-लसूण मसाला. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी तिखटासाठी, अशा मिरच्या मिसळायच्या. त्यांत भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरे, खडा मसाला, तळलेला कांदा आणि भरपूर लसूण घालून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणायचं. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत गावात डंकांपुढं बायकांच्या रांगा असतात आणि वर्षाची चटणी बरणीत भरली की घर सुटकेचा श्वास सोडतं. देशभरच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाखाली जे नुसतं जाळ काढणारं देतात, त्याचा या चटणीशी संबंध नाही. चांगली चटणी जिभेवर आधी लसूण-खोबऱ्याची लागते, तिखट मागून येतं. विकत घेताना चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगा. भाजल्या खोबऱ्याचा वास यायला हवा. खवट वाटली तर पुढच्या दुकानात जा.

गुळाचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात फसायला होतं. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती मुख्यतः गुळासाठी. आज गुळाचे सौदे शाहू मार्केट यार्डात निघतात आणि नव्या हंगामाचा मुहूर्त दिवाळी पाडव्याला होतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. यार्डात तीस किलोच्या रव्यांच्या, म्हणजे मोठ्या ढेपांच्या, राशी असतात. तुम्हाला घरी न्यायला दुकानांत एक-दोन किलोच्या ढेपा मिळतात.

आता रंग. पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसायला छान, पण तो रंग यावा म्हणून रस उकळताना पुष्कळदा हायड्रोस पावडर टाकतात. गडद तांबूस किंवा चॉकलेटी गूळ बघून नाक मुरडू नका, बिनरसायनाचा गूळ बहुधा तसाच असतो. बारीक खडा जिभेवर ठेवा. खारट लागला किंवा दाताखाली करकरला तर नको. मऊपणे विरघळून उसाची चव मागं राहिली तर घ्या. काकवीची बाटली दिसली तर तीही घ्या, सकाळच्या भाकरीबरोबर तिच्यासारखं काही नाही. हंगामात एखादा दिवस जास्तीचा असेल तर शहराबाहेरच्या गुऱ्हाळावर जा. काहिलीवर फेसाळणारा रस, साय काढणारा गुळव्या आणि गरम गुळाचा हातावर घेतलेला गोळा हे एका अख्ख्या सकाळचं काम आहे, घाईत उरकू नये.

एक वाजता: ताट

सकाळी मिसळ नऊला झाली असेल तर एकपर्यंत भूक लागते. चकचकीत हॉटेलपेक्षा लक्ष्मीपुरी-शाहूपुरी भागातली एखादी जुनी खानावळ शोधा. बाहेर स्थानिक लोक वाट बघत उभे असतील तर तीच.

मटण ताट सांगा. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू, भात. पांढरा रस्सा आधी, वाटी तोंडाला लावून, गरम असतानाच प्यायचा. मटण शिजवलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-काजूचं वाटण आणि खडा मसाला, एवढ्यावर तो उभा असतो. त्यात मिरची पूड पडत नाही, म्हणून मसाल्याचा प्रत्येक दाणा कळतो. पांढऱ्यानं पोट तयार झालं की भाकरी कुस्करून सुक्याबरोबर, आणि शेवटी तांबडा भातावर. वाढपी रस्सा घेऊन फिरत असतो, त्याला नको म्हणायची घाई करू नका, बऱ्याच खानावळींत रस्सा हवा तितका मिळतो.

शाकाहारी असाल तर अख्खा मसूर, झुणका, खर्डा आणि भाकरी मागा. अख्खा मसूर या पट्ट्यातलाच, त्यात कांदा-लसणाची चटणी तितकीच जीव ओतून घातलेली असते.

दोन ते चार: टाऊन हॉलची बाग

या जेवणानंतर उन्हात फिरणं कुणालाच झेपत नाही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलच्या बागेत जा. जुनी, उंच झाडं आहेत, बाकं आहेत आणि मधोमध 1872 ते 1876 या काळात बांधलेली टोकदार छपरांची गॉथिक इमारत. आराखडा चार्ल्स मँट यांचा, आपला नवा राजवाडाही त्यांचाच. मुलांना हिरवळीवर सोडा, वडीलधाऱ्यांना सावलीत टेकू द्या आणि अर्धा तास काहीच करू नका.

मग इमारतीतलं संग्रहालय बघा. सगळं बघायचा अट्टाहास नको, दोनच गोष्टी शोधा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती, वितीत मावेल एवढी. ग्रीक समुद्रदेव आपल्या नदीकाठी कसा आला? इथून परदेशांशी चालणाऱ्या व्यापारानं. सकाळी पाहिलेल्या बाजाराचे मूळपुरुष जणू तिथं उभे असतात. दुसरी गोष्ट म्हणजे आबालाल रहमान यांची चित्रं. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेल्या या चित्रकारानं रंकाळा वेगवेगळ्या प्रकाशात रंगवला. ती चित्रं नीट बघून ठेवा, संध्याकाळी तोच रंकाळा समोर येणार आहे.

लहान मुलं फारच कंटाळली तर जिल्हाधिकारी कार्यालयाजवळचं महावीर उद्यान जास्त मोकळं आहे. झाडांची खरी आवड असणाऱ्यांनी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानासाठी वेगळा दिवस ठेवावा.

चार ते साडेपाच: चप्पल

चप्पल दुपारनंतरच घ्यायची, याला कारण आहे. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. सकाळी बरोब्बर बसलेली चप्पल संध्याकाळी अंगठ्याला काचते. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये ओळीनं दुकानं आहेत. कापशी, कुरुंदवाडी अशी गावांवरून पडलेली नावं ऐकू येतील.

खरी कशी ओळखायची? आधी नाकाला लावा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला उग्र, झाडासारखा वास असतो. रेक्झिनला रॉकेलसारखा. मग कडेनं तळ बघा: चामड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत. मध्ये पुठ्ठा किंवा रबर असेल तर कडेला रंग फासून ते झाकलेलं असतं, नखानं खरवडलं की कळतं. शेवटी शिवण. पारंपरिक चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच बारीक वादीनं ती शिवतात. वादी हाताला सपाट आणि किंचित खडबडीत लागते, मशीनचा दोरा गोल आणि गुळगुळीत.

थोरल्या भाच्यानं सोनेरी गोंड्याची, अगदी पातळ जोडी उचलली होती. दुकानातले काका जमिनीवर बसून एका जोडीची वेणी ओवत होते. हातात आरी, मांडीवर पट्टा, बोटांच्या पेरांना तेलाचा काळा थर. मान वर न करता म्हणाले, “पाव्हणं, आदी पायात घाला आनि धा पावलं चाला. बघून घेतल्याली चप्पल घरात ऱ्हातीया, चालून घेतल्याली पायात ऱ्हातीया.” भाच्यानं ती ठेवली आणि साधी कापशी घेतली. परवा नणंदेचा फोन आला होता, पोरगा कॉलेजला तीच घालून जातो.

नवी चप्पल घरी गेल्यावर पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल लावा, रात्रभर ठेवा, आणि पहिला आठवडा रोज तासभरच घाला. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरपुढं कधीच नाही. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी, त्यामुळं कर्नाटकातल्या कारागिराची जोडी ‘खोटी’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. भाव करताना एवढं लक्षात असू द्या की चांगल्या हातशिवणीच्या जोडीमागं कितीतरी हातांचं काम असतं: कातडं कमावणारे, तळ कापणारे, आणि वेणी घालणाऱ्या बायका, ज्यांची नावं दुकानाच्या पाटीवर नसतात.

वेळ उरला तर बाजूच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एक चक्कर. कोल्हापुरी साज आणि ठुशी बघायला पैसे पडत नाहीत.

साडेपाच ते साडेसात: रंकाळा आणि गंगावेश

रंकाळ्याला मावळतीच्या अर्धा तास आधी पोचा. तांबट कमानीची बाजू सोडून पदपथानं शालिनी पॅलेसच्या दिशेनं चालत राहा. पाणी उतरलेलं असेल तर संध्यामठाचे दगडी खांब दिसतात. भेळ घ्यायची तर चौपाटीवर, आणि मुरमुरे नव्हे, चिरमुरे म्हणा. चिंचेचं पाणी बेतानंच घाला म्हणून सांगा, कारण शेवटचा थांबा दुधाचा आहे.

दुपारच्या मटणावर दूध नको, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. म्हणूनच ताट एक वाजता ठेवलं, मध्ये सहा तास गेलेत.

रंकाळ्यावरून गंगावेशीत चालत या. दिवे लागले की इथल्या कट्ट्यावर म्हशी येतात. धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या, काहींच्या गळ्यात घुंगरमाळ. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि धार काढून तेच दूध हातात मिळतं. तालमीतून सुटलेले पैलवान, दुकान बंद करून आलेले व्यापारी, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे त्याच कट्ट्यावर. दूध कच्चं असतं हे ओळखून घ्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि पोट नाजूक असलेल्यांनी नुसतं बघावं किंवा जवळच्या दुकानातून तापवलेलं घ्यावं.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरा. वरचा फेस बोटभर जाड असतो आणि काच म्हशीच्या अंगाइतकीच कोमट लागते. फेस विरायच्या आत प्या. रिकामा ग्लास परत देताना दूधवाले दादा विचारतातच, “आनि एक वतू का?”